टिटवीला पाया बघायचा होता

एक रान होतं. रानात झाडं होती, झाडांवर पक्षी होते आणि पक्ष्यांना मतं होती. मतं होती म्हणून राजाही होता. राजा होता गवा. तो बिनविरोध निवडून आला, कारण तो उभा राहिला तेव्हा समोर कुणी उभं राहिलं नाही. गव्यासमोर कुणी उभं राहत नाही. खोटं वाटत असेल तर एकदा राहून बघा.

निवडून आल्यावर महाराजांची मिरवणूक निघाली ती नदीकाठच्या माळावरून. माळावर टिटवीची अंडी होती. टिटवीच्या जातीला घरटं बांधता येत नाही. उघड्यावर थोडे खडे सारायचे, मधे अंडी घालायची आणि कुणी जवळ आलं की बोंब मारायची, एवढंच त्यांचं बांधकाम. मिरवणूक जवळ आली तशी टिटवीनं बोंब मारली. मिरवणुकीच्या गोंगाटात सगळ्यांना वाटलं, जयजयकार करतेय. त्यांनी तिच्याकडे बघून शेपट्या हलवल्या आणि ते पुढे गेले. मागे अंडी उरली नाहीत.

टिटवी त्या जागेवर बसून रडली. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि मीही ते हसत सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी दरबारानं कळवलं की झाल्या प्रकाराचं महाराजांना अतीव दुःख झालं असून महाराजांच्या खुराला कसलीही इजा झालेली नाही. पाठोपाठ योजना जाहीर झाली, ‘हक्काचं घरटं’. झाडाझाडावर घोषणा लागली: ‘अंडं तुमचं, घरटं आमचं!’ योजनेत घर ज्याचं त्यानंच बांधून घ्यायचं होतं. बांधणारा तेवढा दरबारमान्य हवा. दरबारमान्य बांधणारा एकच होता, त्यामुळे निवड करायला प्रत्येकाला पूर्ण मोकळीक होती.

तो बांधणारा म्हणजे कोकिळशेठ. त्यांची कंपनी आंब्यावर होती. शेठचा गळा असा गोड की काय सांगू! महाराजांच्या प्रत्येक सभेत आधी ते गात, मग महाराज हंबरत, आणि लोकांना दोन्ही मिळून भाषण वाटत असे. योजनेचं खातं होतं कासवाकडे. घर पाठीवर घेऊनच जन्माला आल्यामुळे त्याला घरांच्या प्रश्नाची पूर्ण जाण आहे, असं महाराजांचं म्हणणं होतं.

आता एक गोष्ट मधेच सांगायला हवी. रानातल्या जुन्या पिंपळाच्या खोडावर मागच्या पिढ्यांनी एक नियम कोरून ठेवला होता: ‘घर बांधून घेण्याआधी बांधणाऱ्याच्या जुन्या कामाचा पाया पाहावा.’ नियम सगळ्यांना माहीत होता. रानडुकरं त्यावर पाठ खाजवत. पण तो वाचला फक्त टिटवीनं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

कारण मधे वर्ष गेलं होतं आणि तिचे दिवस पुन्हा भरत आले होते. या खेपेची अंडी जगायलाच हवी होती. तिला दुसरं काही नको होतं.

ती आंब्यावर गेली.

“या ताई, या! बसा,” कोकिळशेठ लाल डोळे मिचकावत म्हणाले. “काय घेणार? आंबा की आश्वासन?”

आंब्यांचा हंगाम संपला होता.

“शेठ, तुम्ही याआधी कुणाकुणाची घरं बांधलीत?”

“ताई, आमची मुलं ज्या झाडावर वाढली नाहीत असं एक झाड दाखवा मला या रानात!”

“ते झालं मुलांचं. मी घरांचं विचारतेय.”

“मुलं घरातच वाढतात ना, ताई?”

“मग एखादं घर आतून बघू का?”

“अवश्य बघा. फक्त लांबून.”

“बांधायला कोण येतं?”

“आमची टीम.”

“टीम कुठाय?”

“साइटवर.”

“आणि साइट?”

“टीम असते तिथं. साइटचं सगळं आमची मंडळी बघते. घरमालक बाहेर गेला की ही आत जाते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत काम उरकून येते. अहो, मालकाला पत्ता लागत नाही! एवढं स्वच्छ काम.”

“आणि शेठ, घरटं पडलं तर?”

कोकिळशेठनी मान उंच केली आणि गायला सुरुवात केली. काय ते गाणं! टिटवीला आपण काय विचारलं तेच आठवेना. आंब्यावरच्या सगळ्या बैठका अशाच संपत.

निघताना शेठ म्हणाले, “ताई, एक बारीकशी अट आहे हं. बांधकाम चालू असेपर्यंत तुम्ही ओरडायचं नाही. कामगार बिचकतात.”

“बांधकाम संपतं कधी?”

“विकास कधी संपतो का, ताई?”

टिटवी घरी आली. घरी म्हणजे माळावर. टिटवा वाटच बघत होता.

“अगं, घेऊन टाक की! सगळे घेतायत,” तो म्हणाला. “ओरडायचं नाही एवढंच ना? नाहीतरी गेल्या वर्षी तू ओरडलीस, कोण थांबलं?”

टिटवीला हे फार लागलं. लागलं, कारण खरं होतं.

“अहो, थांबलं कुणी नसेल,” ती म्हणाली, “पण ओरडले नसते तर मी त्यांची आई कशाला? आणि काम बघितल्याशिवाय मी हो म्हणायची नाही. तुम्हाला घाई असेल तर तुम्ही घाला अंडी.”

टिटवा खडे सारायला लागला. 

सकाळी टिटवी थेट ओढ्याकाठच्या बाभळीवर गेली. त्या बाभळीवरचं घरटं म्हणजे कोकिळशेठच्या कंपनीचं नावाजलेलं काम. त्याचं चित्र प्रत्येक फलकावर होतं. टिटव्यांना फांदीवर नीट बसता येत नाही, तरी ती धडपडत वर पोचली. घरट्यात कावळीण बसली होती.

“काकू, हे घर कोकिळशेठनी बांधलं ना?”

“कोण म्हणतं?” कावळीण उसळली. “काडी न् काडी आमच्या ह्यांनी आणलीय! ही तार बघ, ही सुतळी बघ. आत मऊ लागावं म्हणून मी म्हशीच्या पाठीवरचे केस उपटून आणलेत. लाथा खाल्ल्यात गं मी त्यासाठी!”

“मग शेठ म्हणतात ते?”

“काय म्हणतात?”

“की त्यांची मुलं याच घरात वाढली.”

कावळिणीनं मान वळवली. मग पंख साफ करत म्हणाली, “आमची अंडी खाली पडली गं. वारं असेल. चौकशी चालू आहे. एक तेवढा वाचला. दिसायला वेगळाच होता, खायलाही बकासुर. पण वाढवला. आता दरबारी गातो! माझा मुलगा, आणि काय गळा सांगू तुला. आमच्या दोघांच्या घराण्यात कुणाला सूर नाही.”

“येतो का भेटायला?”

“कामात असतो,” कावळीण म्हणाली. “पण नाव काढलं पोरानं. तू घे गं कोकिळशेठचं घर. राजाची माणसं आहेत, वाईट कशी असतील?”

 टिटवीला सगळं कळलं होतं, आणि कावळिणीला ते सांगायचं धाडस तिला झालं नाही. कसं सांगणार? त्या बाईकडे आता तेवढंच उरलं होतं. टिटवी खाली उतरली आणि उतरताना तिनं एकदा झाडाच्या बुंध्याशी बघितलं. तिथं जुन्या अंड्यांची टरफलं होती. पाया तिला दिसला.

इकडे दरबारानं टिटवीला विचारल्याशिवाय तिचं नाव पहिली लाभार्थी म्हणून जाहीर करून टाकलं. भूमिपूजन माळावर, तिची अंडी गेली त्याच जागी. मातीचा ओटा घातला, त्यावर खडी पसरली, महाराजांचा चेहरा असलेला फलक लावला. सगळं रान गोळा झालं. कोकिळशेठ गायले. कासव म्हणाले, “आज मी मान आत घेणार नाही, आज मी स्वतः बाहेर आलोय!” आणि टाळ्या झाल्या. मग महाराज ओट्यावर चढले.

“माता टिटवीला,” महाराज हंबरले, “आमच्याकडे काय मागायचंय ते मागू दे.”

टिटवी पुढे आली. 

“महाराज, मला पाया बघायचाय.”

“काय म्हणते?” महाराजांनी विचारलं.

मंत्री कासवांना खरं तर नीट ऐकू आलं होतं. पण राजकारणात इतकी वर्षं उगाच नाही काढली त्यांनी.

“महाराज, बाईंना आपल्या पाया पडायचंय.”

“अरे वा!” महाराज खूश झाले. “पड, पड. लाजू नकोस.” आणि त्यांनी पुढचा पाय उचलून तिच्यासमोर ठेवला.

टिटवीनं तो खूर बघितला. तिनं तो आधीही बघितला होता, गेल्या वर्षी, खालून.

करारात न ओरडण्याची अट होती. पण करारावर तिनं अजून सही केली नव्हती, आणि केली असती तरी फरक पडला नसता. ती अशी किंचाळली की ओढ्यापलीकडच्या माकडांच्या हातातली जांभळं पडली. गेल्या वर्षीचं सगळं त्यात होतं.

टिटवी ओरडली म्हणजे जवळ वाघ आहे, एवढं रानात पोराटोरांनाही ठाऊक. ससे पळाले, हरणं पळाली, रानडुकरं घोषणा देत देत पळाली. कोकिळशेठ दुसऱ्याच्या घरट्यात जाऊन लपले. गृहनिर्माणमंत्री स्वतःच्या घरात गेले. आणि महाराज? ज्यांच्यासमोर कुणी उभं राहत नाही ते महाराज एका मूठभर पक्षिणीकडे पाठ करून असे उधळले की फलकावरचा त्यांचा स्वतःचा चेहरा त्यांच्याच पायाखाली आला. वाघ अर्थातच नव्हता.

चौकशी झाली. ती तातडीची होती. टिटवीचा आवाज अपशकुनी असल्याचं निष्पन्न झालं आणि कोकिळशेठचा गोड. मुख्य दोष मात्र पिंपळावरच्या नियमात आढळला. जुन्या काळी कोरणाऱ्याच्या हातून चूक झाली असावी, असं मत पडलं. सुतारपक्ष्याला बोलावून ती दुरुस्त करून घेतली. आता तिथं असं आहे: ‘घर बांधून घेण्याआधी बांधणाऱ्याच्या पाया पडावं.’ रानडुकरांनी पाठ खाजवून बघितली. त्यांना काही फरक जाणवला नाही.

टिटवीचं नाव योजनेतून कापलं. टिटवा म्हणाला, “झालं समाधान? आता घालणार कुठं?”

“चला, दाखवते,” टिटवी म्हणाली.

ती त्याला भूमिपूजनाच्या ओट्यावर घेऊन गेली. खडी तशीच पसरलेली होती, अगदी टिटव्यांना हवी तशी. अंडी घातली तर खड्यांत ओळखू येणार नाहीत अशी. जागा उंचावर, चहूकडून उघडी, कोण येतं ते लांबून दिसेल.

“इथं?” टिटवा घाबरला. “अगं, ही तर राजाची जागा!”

“अहो, भूमिपूजन झालंय इथं,” टिटवी म्हणाली. “आता कोण येतंय?”

आणि खरंच कुणी आलं नाही. ना कासव, ना कोकिळशेठ, ना महाराज. रानातली तेवढी एक जागा अशी निघाली की जिला मुंगीही वळसा घालून जात होती. टिटवीनं अंडी उबवली. पिल्लं बाहेर आली, चारही, ठिपक्याठिपक्यांची. टिटवा त्या दिवशी खूप रडला आणि डोळ्यांत खडीची धूळ गेली म्हणाला.

दरबाराला कळल्यावर ‘हक्काचं घरटं’ योजनेचं पहिलं घर वेळेआधी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. कोकिळशेठचा सत्कार झाला. पिल्लांचं चित्र फलकावर आलं, त्यांच्या मागे महाराजांचा नवा चेहरा.

टिटवीनं फलक बघितला, पण तिला बोलायला सवड नव्हती. ती पिल्लांना भराभर पळायला शिकवत होती. निवडणूक जवळ आली होती, आणि त्याच ओट्यावर पुन्हा भूमिपूजन होणार होतं.