वर चढणारा थेंब

फार पूर्वीची ही गोष्ट, आणि शपथेवर खरी. फार पूर्वी म्हणजे गेल्या भाद्रपदातली.

एका वेधशाळेच्या गच्चीवर लेसर यंत्र होतं. त्याच्या किरणातून थेंब पडला, की ते थेंबाचा आकार आणि वेग सांगायचं. शेजारच्या जुन्या पितळी पर्जन्यमापकाला म्हणायचं, "आजोबा, तुम्ही आपले नुसते भरा."

एके दुपारी किरणात काहीतरी उतरलं. चिंचोक्याएवढं, पण अगदी सावकाश. मोठा थेंब वेगानेच पडतो, हे यंत्राला पाठ होतं. तरी पहिली वर्दी आपणच द्यायची, या हौसेपायी ते ओरडलं, "मुंग्यांनो, मुसळधार पाऊस आला!"

पुराच्या भीतीने मुंग्यांनी भिंतीखालच्या बिळातली अंडी उचलून तापलेल्या गच्चीवर आणली.

"बाळा, माझ्यात टिपूस नाही," आजोबा म्हणाले.

"तुम्हाला उशिराच कळतं."

तेवढ्यात तो थेंब धाग्यावरून परत वर चढला. कोळी होता.

तोवर निम्मी अंडी उन्हात सुकली होती. उरलेली घेऊन मुंग्या खाली निघाल्या.

"मला शंका आली होती," यंत्र पुटपुटलं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" म्हातारी मुंगी म्हणाली. किरण कुठे लपवावा, हे यंत्राला कळेना.

यातला कोळी खरा, मुंग्या खऱ्या, अंडीही खरी. यंत्राला लाज वाटली, तेवढं मी पदरचं घातलं.