ठमाईचं सांबर

डोंगरात वाटा होत्या पण रस्ते नव्हते, आणि त्या वाटांवर माणसांपेक्षा जनावरांची येजा जास्त होती, त्या काळातली ही गोष्ट.

ठमी लग्न होऊन उंबरण्याला निघाली तेव्हा तिला वाटलं होतं, एवढ्या दाट रानातलं गाव म्हणजे दारातून ओढा वाहत असणार. सकाळी उठावं आणि उंबऱ्यावर बसून पाण्यात पाय सोडावेत. पोचली तेव्हा सासरच्यांनी पाय धुवायला ओंजळभर पाणी दिलं, आणि तेही वाया जाऊ नये म्हणून तिला शेवग्याच्या बुंध्याशी उभं केलं.

होळी झाली की उंबरण्याची विहीर आटायची. मग बायका दोन डोंगर ओलांडून पाणी आणायच्या. ठमीच्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तर विहिरीतले बेडूकही गाव सोडून गेले, असं म्हणतात. वैशाखात गाव देवळापुढं बसलं आणि ठरलं, आता आपणही जायचं. खाली देशावर उतरायचं आणि मिळेल ते काम करायचं. ठमीला रडू आलं. तीन वर्षांत या तहानलेल्या गावावर तिचा जीव जडला होता.

जाण्याआधी सगळ्यांनी एकदा पोटभर एकत्र जेवावं म्हणून गडी पहाटे शिकारीला गेले आणि भलंमोठं सांबर घेऊन आले. त्याची शिंगं इतकी रुंद होती, की त्यांवर चार घरची धोतरं वाळली असती, असं म्हणतात.

सांबर सोलायचा मान ठमीच्या सासऱ्यांचा, हिरोजींचा. पण शिकारीत पडून त्यांचा हात मुरगळला होता. ऊन तर चढत चाललेलं. जनावर लवकर उघडलं नाही, तर आतल्या उष्णतेनं मांस नासतं. गडी एकमेकांकडं बघायला लागले, कारण त्या कामात एक मोठं भय असतं. पोटात चाऱ्यानं भरलेली पिशवी असते, ती वजडी. तिला सुरी लागली, तर सगळं मांस वाया जातं.

ठमीनं पदर खोचला. "मामंजी, सुरी द्या."

पाटील हसले. "सूनबाई, ते सांबर हाय, भोपळा न्हवं!"

"भोपळा असता तर तुमालाच सांगितलं असतं की, पाटील."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हिरोजींनी सुरी तिच्या हाती दिली. ठमीच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्यानं आपली सगळी विद्या मुलीलाच दिली होती, हे त्यांना ठाऊक होतं.

तिनं सांबराला उताणं केलं, डोकं चढाच्या बाजूला घेतलं. छातीच्या हाडाखाली बोटभर चीर दिली, दोन बोटं आत घातली, आणि सुरीची धार वर आभाळाकडं करून बोटांच्या आधारानं कातडं उघडत नेलं. सुरी अशी चालली, की झाडावरच्या कावळ्यानंही मान वळवली नाही, असं म्हणतात. काळीज निघालं, ते कुंभ्याच्या पानावर ठेवलं. वजडी निघाली, अख्खी, गुळगुळीत, कुठंही ओरखडा नाही.

गाव खूष झालं. पण मागचे पाय फाकवताना ठमीचा हात थांबला. खुरांच्या बेचक्यात चिखल होता. काळा, आणि अजून ओला. उंबरण्याची माती तर तांबडी, आणि त्या दिवसांत विटेसारखी कोरडी.

तिनं वजडी उचलली आणि बाजूला न्यायला लागली.

"अगं, ती फेकायची असती!" पाटील ओरडले.

"फेकीन, पण उघडून."

"आता शेण चिवडतीस व्हय? जेवायच्या दिवशी?"

ठमीनं खडकावर वजडी चिरली. आत हिरवागार लव्हाळा होता, आणि शेवाळाच्या ओल्या लडी. अजून रवंथही झालेला नव्हता.

"मामंजी, बगा. ह्यानं आज पहाटं पाण्यात उभं राहून खाल्लंय. पाणी लांब असतं तर चारा असा राहिला नसता."

"सांबर तुझ्या कानात सांगून मेलं का काय?" पाटील म्हणाले.

"सांगायचं कशाला? ताट उघडून दावलंय त्यानं."

लोक हसले. जनावर कुठं पळतं ते शिकारी बघतो. ते कुठून आलं हे उंबरण्यात तोवर कुणी कधी बघितलंच नव्हतं. हिरोजी उठले, मुरगळलेला हात गळ्यात बांधला आणि म्हणाले, "चल पोरी. चुलीवर मटण शिजंस्तवर येऊ."

सांबर जिथं मारलं होतं, तिथल्या दगडांवर काळ्या चिखलाचे ठिपके होते. ते धरून, सांबर जिकडून आलं तिकडं, दोघं चढत गेले. कारवीच्या दाट जाळीपाशी ठिपके संपले. जाळीत जनावरांनी पाडलेला एक बोगदा होता. ठमी गुडघ्यांवर रांगत आत शिरली, आणि पलीकडं कड्याच्या कपारीत तिचे हात मनगटापर्यंत गार पाण्यात गेले.

तिनं आनंदानं सुरी खडकावर आपटली आणि झरा कोपरभर उंच उडाला, असं म्हणतात. तिची हाक ऐकून पाटीलच सगळ्यांत आधी घागर घेऊन धावले, असंही म्हणतात. पुढं घागरी हातोहात खाली आल्या. कपारीपासून चुलीपर्यंत माणसांची रांग लागली, आणि त्या दिवशी रश्शाला पाणी जास्त झालं म्हणून कुणी कुरकुरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं बांधलेली गाठोडी सोडली. पाटील ठमीकडं आले. "सूनबाई, आजपासून गावच्या दर शिकारीतली मागची मांडी तुझ्या घरची."

ठमीनं झऱ्याकडं जाणाऱ्या वाटेकडं बोट दाखवलं.

"मांडी नगं. त्या पाण्यावर येईल त्या जनावराला मारायचं न्हाई, येवढा शब्द द्या. ज्यानं पाणी दावलं त्याच्या जातीला तिथं भ्या वाटू नये."

"आन् मग वैशाखात आमी सोलायचं काय?"

ठमीनं वर बघितलं. झाडाला बुंध्यापासून फणस लगडले होते. "ह्ये सोला! ह्याच्या बी आंगावर कातडं हाय, आन् पोट तर तुमच्यापरास मोठं!"

पाटील पोट धरून हसले, आणि शब्द दिला.

उंबरण्यात आजही वैशाखात फणसाचं सांबर होतं. सर्वांत मोठ्या पिकल्या फणसाला काठ्यांचे पाय आणि वाळक्या फांद्यांची शिंगं लावतात. त्या वर्षी गावात आलेली नवी सून हाताला तेल लावून, धार वर करून ते उघडते. म्हातारी माणसं भोवती उभी राहून "वजडी फुटली, वजडी फुटली!" असं ओरडून तिला घाबरवतात, आणि ती उलटून बोलली की टाळ्या वाजवतात. मग पानांवर गऱ्यांचे वाटे पडतात, चुलीमागं एक. पहिला वाटा कपारीपाशी जातो. आणि वाटे मोजताना, जी घरं पोटासाठी शहरात गेली त्यांच्या नावानंही पान मांडतात, कुलूप लावलेल्या दारापुढं ठेवतात आणि मोठ्यानं हाक देतात, "ठमाईचा वाटा आलाय, या!"