राणीने आखलेलं बिनउन्हाचं घर

एका राज्यात धरणीधर नावाचा राजा होता. शूर होता, दाता होता, पण करण्याआधी कुणाला विचारावं ही सवय त्याला नव्हती. मनात आलं की हुकूम सुटला. एकदा त्याने किल्ल्याची पश्चिमेची भिंत दुप्पट उंच केली. भिंतीपलीकडे वाकळनाथ जादूगार राहत असे. सकाळच्या उन्हात दाराशी बसून तो चिंध्यांच्या वाकळी शिवी. भिंत चढली आणि त्याचं ऊन गेलं.

वाकळनाथ दरबारात आला. म्हणाला, "राजा, तुझ्या भिंतीने माझं ऊन अडवलं. सुईत दोरा जात नाही."

राजा म्हणाला, "मग दिवा लाव."

आता जादूगाराला असं बोलावं का कुणी? पण जिभेला हाड नसतं, राजाच्या तर नसतंच नसतं.

वाकळनाथ म्हणाला, "दिवा तूही लाव. तुझ्या लेकीला ऊन लागेल त्या क्षणी तिचा दगड होईल."

लेक चारुमती तेव्हा पाळण्यात होती. राजाने पाळणा उचलून तळघरात नेला आणि भोवती समया लावल्या. तिथेच ती रांगली, तिथेच मोठी झाली, अंधारात पडल्या कांद्याला कोंब फुटावा तशी पांढरीफटक. डोळे अधू होत चालले. एक दिवस तिने विचारलं, "आई, धूर नसलेला उजेड असतो का?"

राणी सौदामिनी उठली ती थेट वाकळनाथाच्या दारी गेली आणि पदर पसरला. "नाथबाबा, उःशाप द्या."

वाकळनाथ म्हणाला, "लेकीसाठी नवं घर बांध. त्यात दिवा लावायचा नाही, तरी प्रत्येक खोलीत माझ्या सुईत दोरा ओवला गेला पाहिजे. उन्हाचा कवडसा मात्र आत यायचा नाही. पावसाळ्यात येईन, हिवाळ्यात येईन, उन्हाळ्यात येईन. तिन्ही वेळा जमलं तर शाप सुटला. चुकलीस, तर तो दगड देवळात बसव."

राजाने लगेच कुदळी मागवल्या. राणी म्हणाली, "महाराज, आपल्या घाईने लेक तळघरात गेली. हे घर आधी आखू, मग खोदू."

तिने माळावर चुन्याची फक्की ओढून घर आखलं. इथे माजघर, इथे निजायची खोली, इथे स्वयंपाकघर. मग त्या रेघांच्या आत घोंगडी टाकून ती दिवसदिवस बसू लागली. ऊन कुठून शिरतं, कुठे रेंगाळतं, कुठून परत जातं? लोक म्हणाले, राणीला उन्हाचं वेड लागलं. लोकांना काय, म्हणायला तोंड आहे.

माळावर जुना आंबा होता, त्याच्या ढोलीत पिंगळा राहत असे. त्या राज्यात पिंगळे बोलत, त्यात नवल नव्हतं. पिंगळ्याला ऊन खपत नाही, म्हणून ऊन कुठे येत नाही हे त्यालाच ठाऊक.

राणीने विचारलं, "पिंगळेदादा, आभाळ भरून आलं की उजेड कुठून येतो?"

"वरून. खिडक्या उंच ने, आतून भिंती पांढऱ्या कर."

हिवाळ्यात राणीने पुन्हा विचारलं, "आता सूर्य कुठे असतो?"

"दक्षिणेला कलतो. घराची पाठ तिकडे कर, तोंड उत्तरेला."

राणी हरखली. उत्तरेला सूर्य जात नाही हे शेंबडं पोरही सांगेल, आता तिसरं काय विचारायचं? तिने सगळ्या खिडक्या उत्तरेच्या रेघेवर मांडल्या.

आणि ज्येष्ठातल्या एका सकाळी, आखल्या घरात बसली असता, उत्तरेची रेघ ओलांडून ऊन तिच्या गालावर पडलं. राणी जागच्या जागी थिजली. इथे भिंती असत्या आणि लेक बसली असती, तर?

ती धावत आंब्याखाली गेली. "दादा, उत्तरेला ऊन कसं?"

"भर उन्हाळ्यात सूर्य उत्तरेला सरकतो. सकाळ-संध्याकाळ कडेने डोकावतो. तू विचारलंस कुठे? ये, माझं दार बघ."

राणी आंब्यावर चढली. ढोलीच्या दोन्ही अंगांना सालीचे जाड कंगोरे पुढे आले होते, वर फांदी आडवी होती. राणी बघत राहिली आणि तिला हसू आलं. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात, तशी खिडकीला लावायची.

मग घर उठलं. प्रत्येक खिडकीला दोन्ही बाजूंनी भिंतीचे कान, वर छज्जा. पूर्वेची एक भिंत मात्र राणीने कुणाला बांधू दिली नाही, स्वतः रचली. चारुमती रात्रीच्या अंधारात राहायला आली आणि पहिला सगळा दिवस स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत बसली.

वाकळनाथ पावसाळ्यात आला, तिन्ही खोल्यांत दोरा ओवून गेला. हिवाळ्यात आला, ओवून गेला. ज्येष्ठात तो मुद्दाम सूर्योदयाला आला आणि चारुमतीला खिडकीखाली बसवलं. ऊन खिडकीच्या कानावर चढलं, कडेपर्यंत आलं. राजाने डोळे मिटले. राणीने मिटले नाहीत. ऊन कडेशी थांबलं आणि हळूहळू मागे सरलं.

वाकळनाथाने दोरा ओवला. "शाप सुटला," तो म्हणाला.

राजा त्याच्या पाया पडला. "नाथबाबा, चुकलो. भिंत उद्या उतरवतो."

"आज उतरव."

"आज उतरवतो."

चारुमती म्हणाली, "आई, मला ऊन बघायचंय."

राजाने पहारी आणायला माणसं पिटाळली. राणी म्हणाली, "पहारी कशाला?" ती पूर्वेच्या भिंतीशी गेली आणि दोन्ही हातांनी रेटा दिला. मधल्या विटा भदाभद बाहेर कोसळल्या, चांगली खिडकीएवढी जागा झाली. तेवढ्या विटा राणीने चुन्यात बसवल्याच नव्हत्या, नुसत्या मातीत रचल्या होत्या.

ऊन आत आलं. चारुमतीने तळहात पुढे केला.

"आई," ती म्हणाली, "हे ऊबदार असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं."

त्या राज्यात आजही घर आखताना आधी चुन्याच्या रेघांत बसतात म्हणे. चारुमतीला मिळालं तसं ज्याचं त्याला ऊन मिळो, आणि कुणाच्या भिंतीची सावली कुणाच्या दारावर न पडो.