गेनूतात्यांची बारी

वाघनाळ गावात वीज आली होती पण टिकत नव्हती, त्या काळात तिथे गेनूतात्या राहायचे. विहिरीवरच्या मोटारी भरायचे, म्हणजे जळालेली तार उकलून नवी गुंडाळायचे. शाळा चौथीपर्यंत झालेली. पण चालत्या मोटारीवर नुसता तळहात ठेवून ती कोणत्या महिन्यात जळेल ते सांगायचे, असं म्हणतात.

गावची सुईण ठकूमावशी. अर्ध्या गावाची नाळ तिनेच कापलेली. चुलीच्या धुराने तिची छाती गेली, तेव्हा लेकीने शहरातून ऑक्सिजनचं यंत्र आणलं. वीज गेली की यंत्र थांबायचं आणि मावशीचे ओठ निळे पडायचे. म्हणून लेकीने दुकानातला स्वस्त इन्व्हर्टर बसवला. त्यावर यंत्र कण्हायला लागलं, तापलं आणि बंद पडलं.

"माझ्याआधी हेच मरतंय बघ," मावशी म्हणाली.

तात्या म्हणाले, "मावशे, ह्या इन्व्हर्टरची वीज पायऱ्यांवरून उड्या मारत येते. यंत्राला पाळण्याच्या झोक्यासारखी लागते."

"मग हलव की पाळणा. तुझा मीच हलवला होता."

तात्यांनी त्या दिवसापासून मोटारी घेणं बंद केलं आणि स्वतःच इन्व्हर्टरची पेटी बांधायला घेतली. बॅटरीच्या विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करायचे, काही अरुंद, काही रुंद, आणि मग ते तारेच्या वेटोळ्यातून नि कपॅसिटरमधून गाळायचे, की त्यांचा एक सलग झोका होतो. गाळणी जमेना. शेजारी रेडिओ लावून ते ऐकत बसायचे. रेडिओ खरखरला की झोका अजून खडबडीत, मग वेटोळं उकलायचं, पुन्हा पहिल्या वेढ्यापासून मोजायचं. अशी एकवीस वेटोळी झाली. बाविसाव्याला रेडिओ इतका स्वच्छ लागला, की निवेदकाने पान उलटलेलं ऐकू आलं, असं म्हणतात.

मावशीचं यंत्र त्या पेटीवर न कण्हता चालू लागलं.

मग वैशाखात वादळ आलं. खांब आडवे झाले आणि नऊ दिवस वीज आली नाही. एक बॅटरी जेमतेम दोन तास पुरायची. तेव्हा गावातले अकरा ट्रॅक्टर मावशीच्या दारात बारीने उभे राहिले. एकाची बॅटरी पेटीला, बाकीच्यांच्या इंजिन चालवून भरायला. नवी जोडल्याशिवाय जुनी काढायची नाही, एवढा एकच नियम तात्यांनी घातला.

तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्र अचानक थांबलं. मावशीला धाप लागली. तात्या धावत आले आणि बघतात तर पेटीला हळदकुंकू, हार, आणि वरून जरीची शाल. वारा घ्यायची सगळी भोकं झाकलेली.

"शाल कुणी घातली?"

"मान म्हणून घातली, तात्या," सरपंचीणबाई रडवेल्या झाल्या.

"मान नको त्याला, वारा द्या!"

त्यांनी शाल ओढून काढली आणि कोपऱ्यातलं सूप घेऊन पेटीला वारा घालू लागले. मावशीचे डोळे फिरत होते. तात्या वारा घालत राहिले. पेटी निवली, यंत्राने श्वास सोडला, पाठोपाठ मावशीने. पुढचे सहा दिवस तात्यांनी सूप खाली ठेवलं नाही. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं, पण मावशीच्या खोलीत गार झुळूक होती, असं म्हणतात.

मावशी त्यानंतर चार वर्षं जगली आणि खाटेवरून सांगून सांगून तिने सात बाळंतपणं सुखरूप पार पाडली. तिच्या पाठोपाठ तात्याही गेले.

वाघनाळात त्यांचा पुतळा नाही. पण कुणाच्या घरी श्वासाचं यंत्र आलं, की त्या दारात रोज एक ट्रॅक्टर येऊन उभा राहतो. त्याला गेनूतात्यांची बारी म्हणतात. सांगावं लागत नाही, निरोप धाडावा लागत नाही. ज्याच्या घरी त्या दिवशी लग्न असेल, त्याचाही ट्रॅक्टर बारीलाच जातो. वरात मग पायी निघते, आणि नवरा-नवरीला पायी चालताना बघून वाघनाळात कुणी हसत नाही.