नेहमीचा आठ नंबर

विश्वास ठेवायचा तर कोणावर ठेवावा? मंडळी, तुम्ही कोणावर ठेवता? डॉक्टरांवर ठेवता, पण एकाने ऑपरेशन सांगितले की दुसऱ्याचे मत घ्यायला जाताच. सोनारावर ठेवता, पण पावती मागून घेता. व्याह्यांवर ठेवता, पण लग्न ठरवण्याआधी चार ठिकाणी चौकशी केलेली असते. हे योग्यच आहे. पण पन्नाशीच्या पुरुषाला त्याच्या बुटाची कंपनी विचारून बघा. तिथे दुसरे मत नाही आणि चौकशीही नाही. पहिल्या पगारात घेतलेला जोड त्याच्या मनात बसला तो बसला. पुढे घर बदलते, गाडी बदलते, चष्म्याचा नंबर दोनदा बदलतो, बूट मात्र तोच. त्या निष्ठेची ही गोष्ट आहे आणि ती फार सुखाची नाही.

बार्शीच्या बाजारपेठेत पादत्राणांचे एक वृद्ध व्यापारी होते. लहानथोर सगळे त्यांना अप्पा म्हणत. शिक्षण चौथीपर्यंत, पण गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढताना कोणत्या पायावर भार टाकते एवढ्यावरून ते त्याच्या गुडघ्याची हकीकत सांगत. त्यांच्यापाशी उमाकांत नावाचा एक शिष्य होता. शिष्य म्हटल्यावर कोवळा पोरगा डोळ्यांपुढे आणू नका. हा सेहेचाळीस वर्षांचा संसारी गृहस्थ. लातूरची त्याची कंपनी बंद पडली, तेव्हा बायको म्हणाली, "आता या वयात कोणाच्या दारात अर्ज घेऊन उभे राहू नका. दुकान काढा." त्याने कुर्डुवाडीला एक गाळा बघून ठेवला आणि धंदा शिकायला वर्षभर अप्पांकडे राहिला. वर्ष संपताना अप्पांनी सोलापूरच्या ठोक व्यापाऱ्याकडे त्याच्यासाठी शब्द टाकायचा, असे ठरले होते. त्या शब्दाशिवाय नव्या माणसाला माल मिळत नसे. म्हणजे उमाकांतच्या पुढच्या आयुष्याची किल्ली अप्पांच्या जिभेवर होती.

त्या काळी एका कंपनीच्या स्पोर्ट्स शूजवर घारीचे चित्र शिवलेले असे. कंपनीचे इंग्रजी नाव कोणी घेत नसे, सगळे 'घारवाला' म्हणत. कॉलेजच्या मैदानावर रोज सकाळ-संध्याकाळ फिरणारे चौदा जण होते, पंचेचाळीस ते साठ या वयाचे. चौदाही जणांच्या पायांत घारवाला. एकदा त्यांच्यातले एक बँक अधिकारी जावयाने दिलेले दुसऱ्या कंपनीचे बूट घालून आले, तर मंडळींनी त्यांना आठवडाभर 'पाहुणे' म्हणून हाक मारली. आठव्या दिवशी ते निमूटपणे घारवाला घालून आले. या मंडळाचे प्रमुख म्हणजे पन्हाळे वकील. वय चौपन्न, आवाज खणखणीत, चहा बिनसाखरेचा. साखरेची व्याधी त्यांना बरीच वर्षे होती, पण तिच्याबद्दल बोललेले त्यांना खपत नसे.

उमाकांत स्वतःही घारवाल्याचा जुना भक्त. तो या मंडळींबरोबर फिरू लागला, ओळख वाढली, आणि दिवाळीच्या तोंडावर त्याने चौदा जोडांची मागणी मिळवली. यादी तयार होती, नावापुढे नंबर. अप्पांना ती दाखवताना त्याची छाती फुगली होती. अप्पांनी यादी वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "सगळ्यांना रविवारी दुकानात बोलाव."

रविवारी मंडळी आली. अप्पा बुटक्या स्टुलावर बसले होते. त्यांनी वकिलांचा पायातला जुना बूट मागून घेतला, मनगटापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटून बराच वेळ चाचपत राहिले.

"काय अप्पा," वकील म्हणाले, "आत काही सापडलं का? माझी एखादी हरलेली केस असेल तर तुम्हालाच ठेवा."

सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. "वकीलसाहेब, मोजे काढा."

"कशाला?"

"पाय बघतो."

"पाय बघायला मी काय नवरी मुलगी आहे का? पंचवीस वर्षं घालतोय. घारवाला, आठ नंबर. डोळे झाकून द्या."

"डोळे झाकूनच द्यायचा तर मी इथं बसू कशाला? मोजे काढल्याशिवाय तुम्हाला जोड मिळणार नाही."

वकिलांचा चेहरा ताठ झाला. "अप्पा, चौदा जोडांचं गिऱ्हाईक आहे हे."

"तेरा जोड खुशाल न्या. यांचा तेवढा मी देणार नाही."

वकील उठले, जुने बूट पायांत सरकवले आणि पायऱ्या उतरले. मागोमाग एकेक करून तेराही जण उतरले. 'पाहुणे' शेवटी गेले. जाताना उमाकांतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्यासाठी वाईट वाटतं, पण वकिलांना नाही तर आम्हालाही नको."

उमाकांतला काहीच उमजेना. जे गिऱ्हाईक नंबर सांगते, कंपनी सांगते, घासाघीस करत नाही, त्यालाच परत पाठवायचे? म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असा त्याने अर्थ लावला. मनात भीतीही होती. पहिलाच मोठा व्यवहार असा फिसकटला, तर अप्पा आपल्यासाठी कोणत्या तोंडाने शब्द टाकतील?

दुसऱ्या दिवशी नातेवाइकांचे निमित्त सांगून तो सोलापूरला गेला. एका परक्या दुकानातून यादीप्रमाणे चौदा जोड घेतले आणि मंगळवारी घरोघरी पोचते केले. वकिलांनी ओसरीवरच नवा बूट चढवला. टाच आत जाईना, बोटाने रेटावी लागली.

"नवा आहे, सैल होईल," दोघेही एकदमच म्हणाले आणि हसले.

"तू खरा व्यापारी होणार," वकील पाठीवर थाप मारत म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणेल ते द्यावं. तुझ्या अप्पांचं आता वय झालं."

ही थाप उमाकांतला आठवडाभर पुरली. पण रोज समोरासमोर बसून जेवणाऱ्या माणसापासून गोष्ट लपवणे त्याला जमेना. पुढच्या मंगळवारी दुपारी दुकान रिकामे असताना त्याने सगळे सांगून टाकले. शेवटी म्हणाला, "तुमचा शब्द मोडला, अप्पा. पण गिऱ्हाईक टिकवलं."

अप्पा रागावले नाहीत. फक्त विचारले, "वकिलांचा पाय बघितलास?"

"नाही."

अप्पांनी हातातला बूट खाली ठेवला. "बस," ते म्हणाले. "गुरुसिद्ध नावाचा माझा एक मित्र होता. एकाच गल्लीत वाढलो. दर दसऱ्याला त्याचा निरोप यायचा, 'अप्पा, नेहमीचा पाठव.' घारवाला, आठ नंबर. एकोणीस वर्षं पाठवला. मधे कंपनीनं साचा बदलला, बूट पुढून निमुळता केला. मला ते ठाऊक होतं. खोका उघडला की आपल्याला कळतंच. इकडं त्याचा पायही बदलला. चाळिशीनंतर पाय पसरतो, एखादा नंबर वाढतो. त्यात त्याला साखर. पाय बधिर, बूट चावला तरी कळायचं नाही. कंपनी बदलली, पाय बदलला, निरोप तेवढा बदलला नाही. त्याला वाटायचं, अप्पा आहे, तो बघेल. मला वाटायचं, गुरुसिद्ध सांगतोय म्हणजे बरोबरच असेल. एकोणीस वर्षांत त्याच्या पायाकडं ना त्यानं बघितलं, ना मी. शेवटी पाय घोट्याच्या वरून कापावा लागला. दवाखान्यात भेटायला गेलो तर मलाच धीर देतोय, 'अप्पा, बूट मात्र शेवटपर्यंत उसवला नाही हो.'"

रस्त्यावरून कोणी नमस्कार केला, त्याला अप्पांनी हात केला.

"निष्ठा वाईट नाही रे. पण ती आली की माणूस बघायचं सोडून देतो. अनोळखी गिऱ्हाईक आलं की आपण चारदा माप घेतो. ज्याच्यावर जीव आहे त्याला म्हणतो, तुमचं काय, नेहमीचंच ना? वकिलांच्या बुटात करंगळीपाशी अस्तर कडक झालं होतं. वाळलेलं रक्त हाताला असंच लागतं."

उमाकांतने विचारले, "मग तिथंच का नाही सांगितलंत?"

"तेरा माणसांसमोर त्यांची व्याधी उघडी करू? आणि खरं सांगू का, थोडा माझाही गर्व होता. वाटलं, मी म्हटलं की काढतील मोजे. ते उठून गेले, तर मागोमाग त्यांच्या घरी जायला हवं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. मानापमान मलाही सुटला नाही."

उमाकांत उठला. चपलाही धड न घालता तो वकिलांच्या घराकडे निघाला.

वकील ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. पायांत नवे घारवाला, संध्याकाळच्या फेरीची तयारी. उमाकांत समोर जमिनीवर बसला.

"वकीलसाहेब, जोड परत न्यायला आलोय."

"का, कोणाला कमी पडला? की अप्पांनी पाठवलं?"

"अप्पांनी नाही पाठवलं. हा बूट मी तुमच्या पायात घातलाय, म्हणून मीच आलो. एकदा मोजे काढू द्या."

वकील काहीतरी टोमणा मारणार होते. पण समोर बसलेल्या त्या बरोबरीच्या गृहस्थाचा चेहरा बघून त्यांनी पाय पुढे केला. उमाकांतने नाडी सोडली. बूट ओढूनच काढावा लागला. पांढऱ्या मोज्यावर करंगळीच्या बाजूला रुपयाएवढा तपकिरी डाग होता, आणि मोजा तिथे कातडीला चिकटला होता. पाण्याने भिजवून, हळूहळू सोडवला. खालची करंगळी काळपट निळी दिसत होती.

वकील वाकून बघत राहिले, जणू तो पाय दुसऱ्या कोणाचा होता.

"दुखत तर नाही," ते म्हणाले. आणि क्षणभराने, पुष्कळ हळू आवाजात, "मला काही कळलंच नाही."

त्याच संध्याकाळी उमाकांत त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, जखम जुनी आहे, पण या नव्या बुटाने तिला दाबून धरले. आठवडाभर आधी आला असतात तर बोट वाचले असते. आठवडाभर आधी म्हणजे कोणता दिवस, हे उमाकांतला बोटे मोजून काढावे लागले नाही. पाय वाचला, करंगळी गेली. तीन महिने पट्ट्या बांधणे चालले. वकिलांनी कोणालाही दोष दिला नाही, आणि उमाकांतला तेच सर्वांत जड गेले. शिव्या घातल्या असत्या तर त्याला रात्री झोप तरी आली असती.

वर्ष संपले. उमाकांत सामान बांधू लागला. दुकानाचा विषय त्याने मनातून काढून टाकला होता. अप्पा म्हणाले, "सोलापूरला बोललो आहे. पुढच्या महिन्यापासून माल मिळेल."

"कशाला बोललात, अप्पा? मी त्या लायकीचा नाही."

"वर्षभर मी तुला नंबर शिकवले, चामडं शिकवलं, शिलाई शिकवली. पाय बघणं तेवढं शिकवता आलं नाही. मी ते गुरुसिद्धच्या पायावर शिकलो, तू वकिलांच्या करंगळीवर शिकलास. फी दोघांचीही दुसऱ्यानंच भरली. आता निदान शिकलेलं विसरू नकोस, एवढंच आपल्या हातात आहे."

उमाकांतने वाकून नमस्कार केला.

कुर्डुवाडीच्या त्याच्या दुकानात पुढे एक बुटके स्टूल कायम असे. येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी मोजे काढायला लावी. काही जण चिडून जात, काही म्हणत, "तुमच्याकडं बूट घ्यायचे की तपासणी करून घ्यायची?" तो वाद घालत नसे. फक्त इतकेच म्हणे, "पाच मिनिटं द्या. तुमचा नंबर तुम्हाला माहीत आहे, पण तो पायाला विचारून बरेच दिवस झाले असतील." निम्मे बसत, निम्मे जात. जाणाऱ्यांच्या पायांकडे, ते कोपऱ्यावर वळेपर्यंत, तो बघत राही.

मंडळी, प्रत्येकाच्या घरात असा एखादा 'नेहमीचा' असतो. बूट असेल, औषध असेल, जुना मित्र असेल, रोज समोर बसून जेवणारी बायको असेल. आज घरी गेल्यावर एक कागद घ्या, ज्यांना आपण गृहीत धरले त्यांची नावे लिहा आणि प्रत्येकापुढे तारीख घाला, आपण त्याच्याकडे शेवटचे नीट कधी पाहिले होते त्या दिवसाची. तारीख आठवली नाही तर जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. एवढा हिशेब तरी खरा ठेवा, ही विनंती.