नदी कुणाच्या मतदारसंघात?

एक जंगल होतं. जंगलातून नदी वाहायची, नदीवर जुना लाकडी पूल होता आणि त्या पुलावर कुणाचाही भरवसा नव्हता. ससे तो पळत ओलांडायचे, हरणं डोळे मिटून. चांदरी म्हैस मात्र एक पाय टाकायची आणि परत फिरायची. ती गाभण होती, दिवस भरत आले होते आणि जंगलातली एकुलती एक सुईण, साळू साळिंदर, पलीकडे राहायची.

शेवटी चांदरी विधानसभेच्या दारातच जाऊन बसली. म्हणाली, "नवा पूल बांधा, न्हाईतर म्या हितंच व्याईन!" सभागृहात नुकताच नवा गालिचा घातला होता. विधेयक लगेच आलं.

बांधकाममंत्री कोल्हा गहिवरून बोलला, "जुन्या पुलानं आयुष्यभर आपला भार वाहिला. आधी त्याचा सत्कार झाला पाहिजे!" बाकं वाजली. पुलाला शाल पांघरली, वर श्रीफळ ठेवलं. श्रीफळाच्या वजनानं एक फळी नदीत गेली. तिला श्रद्धांजली वाहून कामकाज तहकूब झालं.

मग खरी चर्चा रंगली. अलीकडचा आमदार रानडुक्कर गरजला, "पूल माझ्याच मतदारसंघात झाला पाहिजे!" पलीकडचा आमदार वानर टेबलावर चढला, "माझ्या काठाला डावलाल तर नदी पेटवून देईन!"

कोल्ह्यानं नकाशा पाहिला. नदी कुणाच्याच मतदारसंघात नव्हती. माशांना मत नव्हतं.

"मतदारच नाहीत तिथं जनतेचा पैसा कशाला घालायचा?" त्यानं विचारलं. सगळ्यांना पटलं. विरोधकांनाही पटलं, याचं मला फार वाईट वाटतं. दोन पूल मंजूर झाले, एक या काठावर, एक त्या. पाण्यात उतरायचं नसल्यानं काम भराभर उरकलं.

उद्घाटनाचा मान चांदरीला मिळाला. बिचारी वाजंत्र्यांच्या गजरात मोठ्या आशेनं कमानीखालून चढली, डुलत डुलत दुसऱ्या टोकाला पोचली. खाली तोच काठ, तेच रानडुक्कर.

"कसा झाला प्रवास, ताई?" कोल्ह्यानं विचारलं.

"सायेब, पर पल्याड कवा जायाचं?"

"पलीकडचं मतदान दुसऱ्या टप्प्यात आहे."

तेवढ्यात चांदरीला कळा सुरू झाल्या. त्या काठावरच्या पुलावर साळू धावत चढली आणि तिथूनच ओरडू लागली, "चांदरे, घाबरू नगं! आता जोर लाव!" जोर वाजंत्र्यांनीच लावला. साळूचं निम्मं बोलणं पिपाण्यांत विरलं. चांदरीचे डोळे पांढरे झाले. आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी रेडकू बाहेर पडलं आणि वाजंत्र्यांपेक्षा मोठ्यानं रेकलं. चांदरी त्याला चाटत सुटली. पलीकडे साळू रडत रडत नाचली.

कोल्ह्याला रेडकू उचलेना. तो त्याच्या शेजारी बसला आणि ओरडला, "पुलाचा पहिला लाभार्थी!"

दुसऱ्या दिवशी जंगलभर फलक लागले. मधोमध हात जोडलेला कोल्हा, कोपऱ्यात रेडकू आणि मागे दोन्ही पूल, टोकाला टोक लागलेले. नदी तेवढी कापून टाकली होती.