याकूबबाबांनी दिलेलं लाकूड

"पण अजून रंग का सुटतोय, बाबा?"

भालूशेठ खातूंनी ओलं गोणपाट सोडलं आणि हातभर लांबीचं वेडंवाकडं लाकूड दर्ग्यालगतच्या तकियात, म्हणजे फकिराच्या झोपडीत, याकूबबाबांच्या पुढ्यात ठेवलं. खाडीतून वाहत आलेलं हे लाकूड फकीरबाबांनीच त्यांना दिलं होतं, दिवाणखान्यातल्या फिश टँकमध्ये ठेवायला. दिलं तेव्हा गणपती यायचे होते. आता शिमगा तोंडावर आला, तरी लाकूड टँकच्या बाहेरच.

"उकळलंस का?"

"उकळलं म्हणजे! पाणी चहासारखं झालं. ओतून दिलं. परत उकळलं, परत चहा. म्हटलं, आमच्या विहिरीच्या पाण्यातच खोट असेल. शेजाऱ्याच्या विहिरीचं आणलं. मग वाटलं, टोपाचाच गुण असेल. नवा टोप घेतला. बायको म्हणते, आता फोडणी तेवढी द्यायची राहिलीय."

बाबा हसले.

"मी काय सांगितलं होतं? रंग फिका झाला की टँकमध्ये टाक. एवढ्याशा रंगाने माशांचं काही बिघडत नाही."

"फिका म्हणजे किती फिका? आज फिका आहे, आणि टँकमध्ये गेल्यावर गडद झाला तर? मासे माझे मरायचे."

भालूशेठ थोडे पुढे सरकले. आवाज खाली आला.

"बाबा, खरं सांगा. ह्याला काही लागलेलं होतं का? बोटीचं तेल, रोगण, असलं काही... ठाऊक असून दिलं नाहीत ना?"

बाबांनी चुलीत काटकी सरकवली.

रागवायचं तरी किती? भालूशेठ नारळ घेताना कानाशी धरून हलवत. वाजला नाही तर परत ठेवत. आणि चांगला वाजला, तर हा एवढा का वाजतो म्हणून परत ठेवत.

"लाकडासाठी इतक्या लांब आलास?"

"नाही... दुसरंही काम आहे."

भालूशेठनी दाराबाहेर पाहिलं. समोर धक्क्याच्या पायरीवर त्यांचा धाकटा भाऊ वामन बसला होता. पायाशी कपड्यांची पिशवी.

"वामनला शपथ घालायचीय. दर्ग्यात, तुमच्यासमोर. माझी गिऱ्हाइकं फोडून स्वतःचं दुकान टाकणार नाही, अशी."

"टाकतो म्हणाला?"

"म्हणत नाही, तेच तर!"

"मग?"

"चिपळूणच्या एका ओळखीच्याला पाठवलं त्याच्याकडे. म्हटलं, भागीत धंदा काढू म्हणून गळ घाल. हा म्हणाला, आधी दादाला विचारतो. मग दुसऱ्याकडून फोन करवला. तेच उत्तर. दुकानाच्या किल्ल्या मुद्दाम गल्ल्यावर विसरून आलो. मी हातपाय धुतोय तोवर किल्ल्या घरी हजर."

"बरं झालं की."

"काय बरं झालं? इतका चोख माणूस असतो का कुठे, बाबा?"

चुलीवरचा चहा वर आला. बाबांनी तो उतरवला.

"आणि आता तर बोलतही नाही. पूर्वी दुकानात गाणी काय म्हणायचा, गिऱ्हाइकांच्या फिरक्या काय घ्यायचा! माझी पोरं सदा त्याच्या अंगाखांद्यावर. आता विचारलं तेवढंच बोलतो, तेही खाली बघून. मनात काही असल्याशिवाय माणूस असा होतो? काल आपणहून म्हणाला, दादा, मी खाडीपलीकडे सासुरवाडीला जाऊन राहतो. मी म्हटलं, आधी शपथ, मग बघू."

"त्याने जावं असं वाटतं तुला?"

"छे, छे! आई गेली तेव्हा एवढासा होता तो. माझ्या ताटात जेवलाय. तो गेला तर दुकान... दुकानाचं जाऊ द्या, घरसुद्धा..."

भालूशेठनी उगीच गोणपाटाची घडी घातली.

"म्हणूनच म्हणतो, एकदा खात्री झाली की झालं. ही शेवटची."

बाबा कप घेऊन दाराशी गेले.

"वामन, चहा घे रे बाळा."

वामन उठून दाराशी आला. पण हात पुढे केला नाही. त्याने आत बसलेल्या भावाकडे पाहिलं...

"घे की! मला काय विचारतोस?" भालूशेठ म्हणाले.

तेव्हा त्याने कप घेतला आणि पायरीवर परत जाऊन बसला.

"बघितलंत?" भालूशेठ कुजबुजले. "कसा बघतो ते?"

"बघितलं."

बाबांनी लाकूड मांडीवर घेतलं. इकडून तिकडून फिरवलं. मग सहज अंगठा टेकवून दाबला.

शिजलेल्या सुरणात जावा तसा अंगठा आत गेला. लाकडाचा लगदा बाबांच्या हातात आला.

"अरे!" भालूशेठ जागेवरून उठले. "शिसवासारखं टणक होतं हे! तुम्ही दिलंत तेव्हा मी दगडावर आपटून पाहिलं होतं."

"पाहिलं असशील."

"मग परवाच्या पाण्यात आला तो रंग कसला?"

"रंग केव्हाच संपला होता, शेठ. शेवटी शेवटी पाण्यात लाकूडच उतरत होतं."

भालूशेठनी तो लगदा चिमटीत धरून चोळला. काहीच हाताला लागेना.

बाहेर होडीवाल्याने हाळी दिली. "पलीकडे कोण येतंय? चला, ओहोटी लागली!"

वामनने कप खाडीच्या पाण्यात विसळून पायरीवर उपडा ठेवला. पिशवी उचलली. होडीकडे मात्र गेला नाही. तकियाच्या दाराकडे तोंड करून तसाच उभा राहिला.

भालूशेठची मान खालीच होती.

"मग... दुसरं द्या एखादं, बाबा. या वेळी जपून उकळतो."

बाबा दाराबाहेर, वामनकडे बघत होते.

"लाकडाचं काय, शेठ... ते भरती उद्या दुसरं आणून टाकील."